पुन्हा उमेदवारी

सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपून कर्जत वा खोपोलीच्या बाजारपेठेतील कुटुंब गच्चीवर बसले, की डोंगरमाथ्यावरून सरकत जाणारा विमानाचा दिवा सहज दृष्टीस पडतो. पूर्वी तो दिवा परक्या जगाचा वाटे. आता रायगड जिल्ह्याच्याच भूमीवर, पनवेलजवळ, नवी मुंबईचा विमानतळ उभा आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. त्यामुळे वैमानिकाचा व्यवसाय व्यापारी घरांतील चर्चेचा विषय होऊ लागला, तर नवल नाही.

अशा एखाद्या घरातील पुतण्या वायुदलात वैमानिक आहे, अशी कल्पना करावी. बारा-तेरा वर्षांच्या नोकरीनंतर तो सुट्टीवर येतो आणि काकांना विचारतो, "सेवा सोडून प्रवासी विमान कंपनीत जावे का?" घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "देशासाठी पुष्कळ केलेस, आता आई-वडिलांकडे आणि मुलांकडे पाहा." दुसरा म्हणतो, "गणवेश पैशासाठी उतरवला, असे लोक म्हणतील." आजीचे म्हणणे तिसरेच असते: "शस्त्राच्या नोकरीत तू गेलास तेव्हाच मला रुचले नव्हते." तिघांचेही म्हणणे प्रेमातून आलेले असते, तथापि केवळ प्रेमाने हिशेब पूर्ण होत नाही.

आजीच्या शंकेचा विचार प्रथम करावा, कारण ती धर्माची आहे. जैन आचारविचारात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. संकल्पपूर्वक केलेली हिंसा श्रावकाला सर्वथा त्याज्य आहे. स्वतःच्या, आश्रितांच्या आणि देशाच्या रक्षणार्थ घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही, हे शास्त्रकारांनी जाणले होते. मात्र तेथेही द्वेष नसावा आणि गरजेपलीकडे एक पाऊलही पडू नये, ही मर्यादा आहे. श्रवणबेळगोळची भगवान बाहुबलींची सत्तावन्न फूट उंचीची मूर्ती इसवी सन ९८१ च्या सुमारास ज्याने घडवून घेतली, तो चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता. त्या मूर्तीच्या पायथ्याशी त्याचे नाव कोरलेला लेख मराठीतील अतिप्राचीन शिलालेखांत गणला जातो. सेनापतीने उभारलेली ती मूर्ती आहे मात्र युद्ध अर्ध्यावर सोडून ध्यानस्थ झालेल्या विजेत्याची. शस्त्र धारण करणे आणि शस्त्र खाली ठेवणे, या दोन्ही गोष्टी या परंपरेला परक्या नाहीत.

दुसरी शंका लोकलज्जेची आहे. सैनिकी वैमानिकाने नागरी विमान चालविणे हे अधःपतन असते, तर भारतातील हवाई वाहतुकीचा आरंभच वेगळा झाला असता. ब्रिटिश वायुदलात सेवा केलेला नेव्हिल व्हिन्सेंट हा वैमानिक हवाई टपालाची योजना घेऊन टाटांकडे आला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी छोट्याशा पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे टपाल आणले आणि पुढचा बेल्लारी-मद्रासचा टप्पा व्हिन्सेंटने उडविला. ज्या उद्योगसमूहाने १९१५ साली खोपोलीला जलविद्युत केंद्र उभारले, त्याच समूहाच्या हवाई सेवेला एका माजी सैनिकी वैमानिकाचे कौशल्य लाभले.

आता जमाखर्च. वायुदलातील वैमानिकाच्या प्रशिक्षणाचा भार सरकार उचलते. हैदराबादजवळच्या दुंडिगल येथील अकादमीत त्यासाठी घरच्यांना पैसा मोजावा लागत नाही. तोच तरुण थेट नागरी मार्गाने गेला, तर व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे दोनशे तासांचे उड्डाण आणि त्यापुढील प्रशिक्षण यांवर अर्धा कोटी रुपये किंवा त्याहून अधिक खर्च होतात, आणि त्यानंतरही नोकरीची हमी नसते. सातव्या वेतन आयोगानुसार नव्या अधिकाऱ्याचे मूळ वेतन ५६,१०० रुपये आणि सैनिकी सेवा वेतन १५,५०० रुपये, भत्ते निराळे. अल्पकालीन नियुक्ती चौदा वर्षांची असते व तिला निवृत्तिवेतन नाही. कायम नियुक्तीत अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी वीस वर्षे पूर्ण करावी लागतात. म्हणून तेराव्या वर्षी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नियुक्ती कोणत्या प्रकारची आहे, यावर पुष्कळ अवलंबून राहते. कायम नियुक्तीतील अधिकाऱ्याला मनात आले म्हणून मुदतीपूर्वी बाहेर पडता येत नाही; सरकारची अनुमती लागते, आणि ती मिळेलच असे नाही.

नागरी बाजूला वेतन सामान्यतः मोठे असते आणि वयाच्या पासष्टीपर्यंत उड्डाण करता येते. पण तेथील एक नोंद व्यापारी माणसालाच नीट कळेल. विमान कंपनीत ज्येष्ठता साधारणतः रुजू झाल्याच्या दिवसापासून मोजली जाते. काल ज्याच्या हाताखाली वैमानिकांची तुकडी होती, तो उद्या सहवैमानिकाच्या आसनावर बसतो, आणि शेजारचा कॅप्टन वयाने त्याहून लहान असू शकतो. स्वतःची पेढी चालविलेल्या माणसाने दुसऱ्याच्या पेढीवर पुन्हा उमेदवारी करावी, तसे हे आहे. ज्याला ती उमेदवारी मनापासून पत्करता येईल, त्यानेच जावे.

नागपूरच्या सैनिकी कुटुंबातील कॅप्टन दीपक साठे यांनी ती पत्करली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे ते विद्यार्थी. वायुदलाच्या अकादमीत मानाची तलवार त्यांना मिळाली होती. जून १९८१ पासून जून २००३ पर्यंत बावीस वर्षे त्यांनी वायुदलात सेवा केली, मिग-२१ उडविले, चाचणी वैमानिक म्हणूनही काम केले. त्यानंतर ते नागरी सेवेत आले आणि सुमारे सतरा वर्षे तेथे राहिले. दिलेली मुदत चोख पाळून घेतलेल्या अशा निरोपाला कोणीही पाठ फिरविणे म्हणणार नाही.

७ ऑगस्ट २०२० रोजी, करोनाच्या दिवसांत, दुबईहून भारतीयांना घेऊन आलेले त्यांचे विमान केरळातील कोझिकोड येथे भर पावसात धावपट्टी ओलांडून खाली कोसळले. विमानातील १९० जणांपैकी २१ जण दगावले. साठे आणि त्यांचे सहवैमानिक त्यांत होते. देशाने त्यांना आदराने निरोप दिला, आणि तो योग्यच होता. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडून विमान पुन्हा वर नेले गेले होते. दुसऱ्या प्रयत्नात ते धावपट्टीच्या जवळपास मध्यावर टेकले. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याचा इशारा देऊनही उतरणे चालू राहिले, हे अहवालाने संभाव्य कारण म्हणून नोंदविले. व्यवस्थेतील त्रुटींकडेही त्याने बोट दाखविले.

या नोंदीने एका उज्ज्वल जीवनाचे मोल उणे होत नाही. परंतु जो तरुण आज निर्णयाच्या उंबरठ्यावर आहे, त्याने ती वाचलीच पाहिजे. सैनिकी उड्डाणात जोखीम हा कामाचाच भाग असतो आणि ती पत्करणारा ती प्रामुख्याने स्वतःच्या शिरावर घेतो. प्रवासी विमानात पाठीमागे पावणेदोनशे-दोनशे जीव विश्वासाने बसलेले असतात. तेथे स्थिती अनुकूल नसेल तर उतरणे सोडून पुन्हा आकाशात जाणे, म्हणजेच 'गो-अराउंड', हा पराभव मानला जात नाही. तोच नियम आहे. कनिष्ठाने "परत फिरा" म्हटले तर ज्येष्ठाने ऐकावे, हाही नियमच. मुक्काम दिसत असताना मागे वळणे अनुभवी माणसालाही जड जाते, आणि ते एकदा साधले म्हणून पुढच्या वेळी आपोआप साधत नाही.

जैन घरात हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. प्रतिक्रमणाचा अर्थच मागे वळणे. जेथून पाऊल ढळले तेथे परत यावे, कोणी लहानाने चूक दाखविली तरी खमावून ती मान्य करावी, आणि हे एकदाच नव्हे तर पुनःपुन्हा करावे, हा संस्कार बालपणापासून घडविला जातो. आकाशातही तोच उपयोगी पडतो.

म्हणून पुतण्याने विचारलेल्या प्रश्नाला काकांनी तीन प्रतिप्रश्न करावेत. सेवेला दिलेला शब्द पूर्ण झाला आहे का? अंथरुण-पांघरुणाचा हिशेब वेतनाच्या मोठ्या आकड्यावर न मांडता नोकरी न मिळण्याचा काळही धरून मांडला आहे का? आणि आपल्याहून लहान माणसाच्या शब्दावर विमान मागे वळविण्याइतके मन नम्र आहे का? पहिल्या दोहोंची उत्तरे कागदावर मिळतील. तिसऱ्याचे उत्तर मिळण्यास कदाचित आणखी एखादे वर्ष सेवेत राहावे लागेल. तेवढा विलंब परवडणारा आहे.