फ्यूजच्या जागी जाड तार

रात्रीचे साडेअकरा. होस्टेलची खोली. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टचा रिव्ह्यू. लॅपटॉपवर 'मॅजिक'ची खिडकी उघडी, त्यात आमच्या सर्किटचा लेआउट, आणि मी डोळे चोळत एकेक तार सरळ करतोय. तेवढ्यात स्क्रीनच्या मधोमध दोन डोळे उगवले! मोठाले, पांढरे, काळ्या बुबुळांचे. माउस डावीकडे नेला की डोळे डावीकडे, उजवीकडे नेला की उजवीकडे. मी खुर्चीतून पडायचाच बाकी होतो. मग भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला आणि उलगडा झाला.

मित्रांनो, ते भूत नव्हतं. 'एक्सआइज' नावाचा एक जुना गमतीचा प्रोग्राम होता. शेजारच्या खोलीतल्या मित्राने तो स्वतःच्या लॅपटॉपवर चालवला आणि दाखवला मात्र माझ्या स्क्रीनवर! "तुझं दार उघडंच होतं, म्हटलं डोकावून जावं," असं वर तोंड करून सांगितलं. सगळ्यांबरोबर मीही हसलो. पण अंथरुणावर पडल्यावर हसू आटलं. ज्याला माझ्या स्क्रीनवर डोळे लावता येतात, त्याला त्याच दारातून आणखी काय काय करता आलं असतं?

आता हे दार कोणतं, ते आधी सांगतो. 'मॅजिक' हे चिपचा लेआउट काढायचं सॉफ्टवेअर, १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात जन्मलेलं. त्याचं घर युनिक्स आणि लिनक्स. माझ्याकडे दादाचा जुना लॅपटॉप, त्यावर विंडोज १०. मग विंडोजच्या पोटात लिनक्स बसवायचं, म्हणजे डब्ल्यूएसएल. प्रोग्राम लिनक्समध्ये चालणार, पण चित्र काढायला त्याला पडदा लागतो. तो पडदा देणारा म्हणजे एक्स सर्व्हर. विंडोजवर चालणारे असे सर्व्हर बरेच आहेत : सिगविन-एक्स, एक्समिंग, व्हीसीएक्सएसआरव्ही. मी यातला शेवटचा घेतला होता.

इथे पहिल्यांदा सगळ्यांचाच गोंधळ उडतो. सर्व्हर म्हणजे दूरचं मोठं यंत्र आणि आपण बापडे क्लायंट, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. एक्समध्ये उलटं आहे. ज्याच्याकडे स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस तो सर्व्हर. कारण त्या वस्तू तो 'सेवेला' देतो. आणि चित्र काढू पाहणारा प्रोग्राम, मग तो भल्यामोठ्या यंत्रावर का चालत असेना, तो क्लायंट. मला हे पटकन पटलं, कारण मी पारशिवनीचा! आमच्या तालुक्यातल्या नवेगाव खैरीच्या धरणातून पेंचचं पाणी नागपूरला जातं. शहर मोठं, तालुका लहान. पण पाणी देणारे आम्ही आणि नळ सोडून पिणारे ते. आता सांगा, सर्व्हर कोण?

असो. तर हे सगळं जोडताना 'डिस्प्ले उघडता येत नाही' अशी चूक सतत येत होती. मी तीन दिवस झगडलो. शेवटी एका सीनियरने त्याच्याकडचं एक 'पान' पाठवलं. पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं. त्यात पाच ओळी होत्या आणि मधल्या दोन अशा : एक, विंडोजची फायरवॉल पूर्ण बंद करा. दोन, एक्स सर्व्हर सुरू करताना 'ॲक्सेस कंट्रोल बंद' यावर टिक करा. केलं, आणि काय सांगू, चाललं! इतका आनंद झाला की तेच पान मी आमच्या ज्युनियर्सच्या ग्रुपवर टाकलं. "बिनधास्त करा, हमखास चालतं," असं वर लिहूनसुद्धा!

त्यानंतर दोन आठवड्यांनी ते डोळे उगवले.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो. आमच्या मामांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आजूबाजूच्या शेतांतल्या धानाच्या आणि कपाशीच्या पाण्यासाठी जळालेल्या मोटरी तिथे रांगेत पडलेल्या असतात. एक दिवस मामांसोबत एका शेतावर गेलो. पंप सुरू होत नव्हता. शेतकरी म्हणाला, मोटर काढूनच घ्या. मामा हसले. "काऊन बाप्पा, मोटर चालत नाई त् पहिले मोटरच काढतं का? पहिले पाहू त् द्या, लाइन कुठपर्यंत आली." मग हातात टेस्ट लॅम्प घेऊन ते सुरुवातीपासून निघाले. मीटरपाशी लाइन आहे? आहे. फ्यूजच्या अलीकडे? आहे. पलीकडे? तीनपैकी एक फेज नाही! फ्यूज गेलेला. दोन मिनिटांचं काम. शेतकरी म्हणाला, आता यात जाड तारच टाकून द्या, पुन्हा कटकट नको. तशी मामा भडकले. "माह्या दुकानात ज्या मोटरी जळून येतात ना, त्यातल्या कितीतरी ह्या जाड तारीनंच जळल्या. फ्यूज उडते म्हणून त् मोटर वाचते!"

मी बांधावर उभा होतो आणि माझे कान गरम झाले. फायरवॉल बंद, ॲक्सेस कंट्रोल बंद... मी तरी दुसरं काय केलं होतं? फ्यूजच्या जागी जाड तार टाकली होती. आणि ती तार ज्युनियर्समध्येही वाटली होती!

त्याच रात्री ठरवलं, ते पान बाजूला ठेवायचं. फायरवॉल चालू केली, ती टिक काढली, जुन्या सगळ्या ओळी पुसल्या आणि मामांसारखा मीटरपासून निघालो. इथून पुढचं जरा नीट वाचा, कारण चूक 'एक' नव्हतीच. एकामागे एक चार दारं होती आणि प्रत्येक दारावर वेगळी चूक.

पहिलं दार : सर्व्हर सुरू आहे का? टास्कबारच्या कोपऱ्यात त्याचं एक्सचं चिन्ह दिसतंय का? आणि तो ६००० क्रमांकाच्या पोर्टवर कान देऊन बसलाय का? डिस्प्ले शून्य म्हणजे पोर्ट ६०००, डिस्प्ले एक म्हणजे ६००१, असा सरळ हिशोब आहे. विंडोजच्या नेटस्टॅट या कमांडने ते दिसतं. माझा सर्व्हर ठीक बसला होता. लाइन इथपर्यंत आली.

दुसरं दार : पत्ता बरोबर आहे का? मी डिस्प्लेचा पत्ता 'लोकलहोस्ट' दिला आणि तत्क्षणी नकार आला. हा 'तत्क्षणी' महत्त्वाचा. डब्ल्यूएसएलच्या पहिल्या आवृत्तीत लिनक्स आणि विंडोज एकच नेटवर्क वापरायचे, त्यामुळे हा पत्ता चालायचा. दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २०२० पासून विंडोज १० मध्ये जी आली तिच्यात, लिनक्स एका आभासी यंत्रात राहतं आणि त्याचा आयपी पत्ता वेगळा असतो. तिथे 'लोकलहोस्ट' म्हणजे लिनक्स स्वतःच. थोडक्यात, मी माझ्याच घराचं दार वाजवत होतो आणि आतून कुणी नाही म्हणून वैतागत होतो! विंडोजचा खरा पत्ता म्हणजे लिनक्सच्या बाजूने दिसणारा गेटवे. तो विंडोज पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतो, म्हणून हाताने न लिहिता दर वेळी लिनक्सलाच विचारून घ्यायचा.

तिसरं दार : पत्ता बदलला आणि चूक लगेच येईना. बराच वेळ ताटकळल्यावर आली. आधी मी डोक्याला हात लावला असता. पण त्या रात्री मला आनंद झाला! कारण चूक बदलली म्हणजे आपण एक दार पुढे आलो. लगेच नकार म्हणजे दारातून कुणीतरी 'नाही' म्हटलं. ताटकळणं म्हणजे वाटेत कुणीतरी आपली चिठ्ठीच गिळली. गिळणारी होती फायरवॉल. एक्स सर्व्हर पहिल्यांदा चालवताना विंडोज परवानगी विचारतं. मी तेव्हा घाईत 'कॅन्सल' दाबलं होतं. त्याने नुसती खिडकी बंद होत नाही. त्या प्रोग्रामला अडवायचा नियमच तयार होतो. आणि अडवायचा नियम परवानगीच्या नियमापेक्षा वरचढ ठरतो. नंतर कितीही परवानग्या द्या, उपयोग शून्य. मी तो नियम काढला आणि फक्त त्या आभासी लिनक्सच्या पत्त्यांकडून, फक्त ६००० पोर्टवर येऊ द्यायचा नवा नियम घातला. सगळी फायरवॉल बंद करायची गरजच नव्हती!

चौथं दार : आता चूक पुन्हा बदलली. 'अधिकृत परवानगी लागेल' अशी. म्हणजे सर्व्हरपर्यंत पोहोचलो, तो ओळखपत्र मागतोय. एक्समध्ये हे ओळखपत्र म्हणजे १२८ बिटांचा एक गुप्त आकडा. त्याचं नावही झकास आहे, 'मॅजिक कुकी'. तोच आकडा लिनक्सकडे आणि तोच सर्व्हरकडे दिला की काम झालं. दिला, आणि लेआउट समोर उघडला. रात्रीचे दोन वाजले होते. कुणाला सांगणार? आईला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, आता झोप."

पण ही कुकी हवीच कशाला? एक्सचा जन्म १९८४ चा, अमेरिकेतल्या एमआयटीत. आज चालते ती अकरावी आवृत्ती १९८७ ची. एका यंत्रावर प्रोग्राम चालवायचा आणि दुसऱ्याच्या स्क्रीनवर दाखवायचा, हाच तिचा मोठेपणा. पण तिच्या रचनेत एकदा आत आलेल्या प्रोग्रामवर फार विश्वास टाकलेला आहे. आत आला की तो शेजारच्या एक्स खिडकीचं चित्र घेऊ शकतो, तिच्यात टाइप होणारी अक्षरंही वाचू शकतो. माझ्या विंडोजच्या इतर खिडक्या नाही, पण एक्सच्या सगळ्या. आणि मी तर त्यातल्याच एका टर्मिनलमध्ये माझा पासवर्ड रोज टाइप करत होतो! मित्राने डोळे लावले ही त्याची कृपाच म्हणायची. त्याने डोळ्यांऐवजी कान लावले असते तर मला कधी कळलंही नसतं.

आता माझं खरं म्हणणं. हे सगळं मला कॉलेजात का आलं नाही? आळस आहेच, नाकारत नाही. पण आपली प्रॅक्टिकलची रीत बघा. जर्नलमध्ये उद्देश, प्रोसिजर, आउटपुटचा प्रिंट, आणि खाली 'अशा रीतीने आम्ही अभ्यास केला'. मार्क कशाला? आउटपुटला. मग ते कसं आलं हे कोण विचारतो! चूक आली की पोरगं हळूच शेजारच्या यंत्रावर सरकतं, नाहीतर असं एखादं 'पान' मागतं. जे पान चालतं ते टिकतं. ते का चालतं, हे लिहिण्याची पद्धतच नाही. यात सरांना दोष देत नाही. एका बॅचला दोन तास आणि वीस मुलं असतील तर तेही काय करणार?

काही मित्र म्हणतील, कशाला एवढी उठाठेव? २०२१ मध्ये डब्ल्यूएसएलजी आलं, आता लिनक्सच्या खिडक्या विंडोजवर आपोआप उघडतात. खरं आहे. मला तेव्हा ते माहीत नव्हतं. असतं तर मीही तेच वापरलं असतं. नवीन लॅपटॉप असेल तर तुम्ही जरूर वापरा. पण त्याच्याही पोटात एक एक्स सर्व्हर बसलेलाच आहे, फक्त झाकलेला. शिवाय उद्या दूरच्या यंत्रावरचा प्रोग्राम आपल्या स्क्रीनवर आणायची वेळ आली की तीच चार दारं पुन्हा समोर उभी. आणि खरं सांगू? प्रश्न एक्सचा नाहीच. आज एक्स आहे, उद्या दुसरं काही असेल. लाइन कुठपर्यंत आली हे पाहायची सवय मात्र कोणत्याही अपडेटमध्ये येत नाही. भाषेची सबबही सांगू नका. आयआयटी मुंबईचे लिनक्सवरचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत.

म्हणून माझी एक साधी सूचना. प्रॅक्टिकल परीक्षेत निदान पाच मार्क बिघडलेल्या यंत्राला ठेवा. मुद्दाम चुकीचा पत्ता दिलेलं, किंवा एखादा नियम अडवून ठेवलेलं. दुरुस्त झालं नाही तरी चालेल. विद्यार्थ्याने एवढंच लिहावं : लाइन इथपर्यंत आली, इथून पुढे नाही, आणि हे मला अमुक चुकीवरून कळलं. जर्नलमध्येही 'आलेल्या चुका' असं एक पान असावं. आउटपुट शेजाऱ्याचं उतरवता येतं. स्वतः केलेला शोध उतरवणं अवघड.

आणि शेवटी, ज्या ज्युनियर्सना मी ते पान पाठवलं होतं त्यांना : मित्रांनो, चुकलो. ते पान पुसून टाका. फायरवॉल आजच चालू करा, ती टिक काढा, ज्या टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप केला असेल तो पासवर्ड बदला. नवीन पान मी ग्रुपवर टाकलंय. ते जुन्यापेक्षा लांब आहे, पण प्रत्येक ओळीसमोर 'हे का' ते लिहिलंय. त्यातही काही चुकलं असेल तर निःसंकोच सांगा.

पुढच्या वेळी काही बंद पडलं तर मोटर काढायच्या आधी टेस्ट लॅम्प घ्या. आणि कुणी 'फ्यूजमध्ये जाड तार टाक, हमखास चालतं' असं म्हणालं, तर त्याला एकदा आमच्या मामांच्या दुकानात घेऊन या. जळालेल्या मोटरींचा वास घेतला की बाकी काही समजवावं लागणार नाही!

— अंतिम वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स