बादली, चमचा आणि रसिक

रॉबेर ब्रेसाँचा 'मृत्युदंडाचा कैदी निसटला' हा सिनेमा पाहणारे डोक्यावर घेतात. घ्यायलाच पाहिजे. १९५६ साली तो आला, १९५७ ला कानच्या महोत्सवात ब्रेसाँला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. आज सत्तर वर्षं होत आली तरी त्याची धार गेलेली नाही. पण रसिकांचं कौतुक ऐकलं की माझं टाळकं सरकतं. काय तर म्हणे, किती कमी साधनं! किती संयम! किती शुद्ध शैली! मित्रांनो, कैद्याजवळ एक लोखंडी चमचा होता. ती शैली नव्हे, ती त्याची परिस्थिती होती.

गोष्ट घडलेली आहे. लियाँ शहर, मोंल्युकचा तुरुंग, १९४३. आंद्रे देविन्यी हा फ्रेंच अधिकारी जर्मनांविरुद्ध गुप्तपणे लढत होता. पकडला गेला, मरणाची शिक्षा झाली, आणि गोळी घालायच्या आत निसटला. सिनेमात तो फोंतेन. काम केलं फ्रांस्वा लतेरिएनं, तोवर तो नटबिट नव्हता. खुद्द ब्रेसाँनं युद्धकैदी म्हणून जर्मनांची कैद भोगलेली. म्हणून ह्या सिनेमात तुरुंग बाहेरून बघितलेला वाटत नाही.

चमचा फरशीवर घासायचा, त्याची पटाशी करायची. दाराच्या फळ्यांचे सांधे खरवडायचे. पडलेला भुसा गोळा करून लपवायचा. घोंगडी फाडून, गादीखालच्या तारा गुंडाळून दोर वळायचा. शेवट काय ते नावातच सांगून टाकलंय, तरी माणूस श्वास रोखून बसतो. कारण इथं काम दिसतं. हात दिसतात. मारहाण दाखवतच नाही, रक्ताळलेला सदरा दिसतो, बस्स.

आता एक गोष्ट विचारतो. मोझार्टचं संगीत ह्या सिनेमात कुठं वाजतं? कैदी आपापल्या मैल्याच्या बादल्या उचलून ओतायला चाललेत, तिथं! देवळातली प्रार्थना घाणीच्या बादलीवर. रसिक मोझार्टवर पानंच्या पानं लिहितो आणि बादली गाळतो. बादलीचा वास त्याच्या नाकाला सोसत नाही. ब्रेसाँनं मात्र दोन्ही एकत्र ठेवलं. बादली उचलणाऱ्याच्या वाटेलाच ते संगीत दिलं.

दुसरं खोटं म्हणजे 'एकट्या माणसाची जिद्द'. एकट्याची कुठली? ओर्सिनी आधी पळाला, फसला, गोळी खाऊन मेला. पण मरण्याआधी भिंतीवर आकडे लागतील हे तो सांगून गेला. शेजारच्या कोठडीतला म्हातारा ब्लांशे आधी बोलायलाही तयार नव्हता, शेवटी त्यानंच आपली घोंगडी दिली. आणि जोस्त! सोळा वर्षांचं पोर, अंगावर अर्धी जर्मन वर्दी. ह्याला मारावं की बरोबर घ्यावं? फोंतेन त्याच्यावर विश्वास टाकतो. पुढं भिंतीशी कळतं, एकट्याला ती चढता आली नसती. अख्ख्या सिनेमाचा मुद्दा हाच आहे. ह्याला मी राजकारण म्हणतो, रसिक 'दैवी कृपा' म्हणतो. म्हणू दे. पण ती कृपा आली ती माणसाच्याच खांद्यावरून.

आता कडू घास. सिनेमाच्या सुरुवातीला एक फलक दिसतो: जर्मन अमलात इथं दहा हजार माणसांनी यातना भोगल्या, त्यांतली सात हजार मेली. पुढं काय झालं? जर्मन गेले, तुरुंग राहिला. १९५९ ते १९६१ ह्या काळात त्याच मोंल्युकमध्ये फ्रान्सच्या सरकारनं अल्जीरियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या ११ जणांना गिलोटिनवर चढवलं. ज्या भिंतीवरून पळालेला माणूस वीर ठरला, त्याच भिंतीआड दुसऱ्याचं स्वातंत्र्य गुन्हा ठरलं. तुरुंग २००९ ला बंद झाला, २०१० ला स्मारक उघडलं.

ब्रेसाँला दोष नाही, सिनेमा त्याआधीचा. पण आपण तो आज बघतोय. ज्यानं फोंतेनसाठी श्वास रोखला, त्याला त्या अकरांचा हिशेब टाळता येणार नाही. कैद्याचा रंग आणि पहारेकऱ्याची वर्दी बघून ज्याचा श्वास कमीजास्त होतो, त्यानं सिनेमा पाहिलेला नाही. फक्त चमचा पाहिलाय.