पेपर कुणाचा, खाण कुणाची?

वृत्तपत्रस्वातंत्र्य म्हटलं की आपण सेन्सॉरशिपबद्दल बोलतो. सरकारनं कुठली बातमी दाबली, कुणाला नोटीस धाडली. पण पेपर चालवण्याइतका पैसा कुणाच्या हाती जावा, यातही सरकारचा हात असतो आणि त्यावर आपण फारसं बोलत नाही.

गोव्याचंच घ्या. मुक्तीनंतर वर्षभरातच, १९६२ मध्ये, 'गोमन्तक' निघाला तो चौगुल्यांचा. पुढच्या वर्षी डेंपोंचा 'नवहिंद टाइम्स' आला, नंतर 'नवप्रभा'. (एक इंग्रजी, एक मराठी; दोन्ही वाचणाऱ्याला दोन घरची मतं कळल्यासारखं वाटतं, घर मात्र एकच.) दोन्ही घराणी तेव्हा खाणवाली. आणि खनिज काढायचा हक्क सरकार देतं. म्हणजे कुणी काही गैर केलं नाही असं धरलं तरी, ज्याच्या धंद्याची किल्ली सरकारकडे, तोच सरकारवर नजर ठेवणाऱ्या पेपराचा मालक! या पेपरांमुळेच इथं मराठी रोज वाचली गेली, हे मला मान्यच आहे. म्हणून तर मालकीचा प्रश्न जास्त टोचतो.

पुढे डेंपोंनी २००९ मध्ये खाणी विकल्या. 'गोमन्तक' सकाळ समूहाकडे गेला. गंमत म्हणजे याच 'सकाळ'नं एकेकाळी सरकारला कोर्टात खेचलं होतं. १९५६ च्या कायद्याखाली केंद्रानं १९६० मध्ये किमतीनुसार पानांची संख्या बांधून दिली. छोटे पेपर वाचावेत म्हणून, असं सांगितलं गेलं. ७ नव्या पैशांत आठवड्याला ३४ पानं देणाऱ्या 'सकाळ'ला त्या किमतीत २४ वरच थांबावं लागलं असतं. सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. योग्यच केलं, पानं मोजणं हे सरकारचं काम नव्हेच. पण एका मालकाकडे किती पेपर, किती चॅनेल, शिवाय आणखी कुठले धंदे, हे कुणी मोजायचं? 'ट्राय'नं २०१४ मध्ये माध्यमांच्या मालकीवर मर्यादा सुचवल्या. कायदा काही झाला नाही. हे गप्प बसणंसुद्धा एक धोरणच आहे, आणि त्याचा फायदा मोठ्यालाच होतो.

मर्यादा येईल तेव्हा येवो. निदान माहिती तरी द्या. मार्चच्या सुरुवातीला पेपरात बारीक टाइपातला 'फॉर्म ४' छापून येत आलाय. त्यात मुद्रक, प्रकाशक, संपादक, मालक, एक टक्क्याहून जास्त भांडवलाचे भागीदार, सगळे असतात. त्याच चौकटीत आणखी दोन ओळी सक्तीच्या कराव्यात: मालकाचे इतर धंदे कोणते, आणि वर्षभरात सरकारी जाहिरातींचे किती रुपये मिळाले.