मीटर कुणाचं?

लाइटचं मीटर निदान जिन्याखाली असतं, वाटलं तर खाली जाऊन आकडा बघता येतो. ब्रॉडबँडचं मीटर मात्र कंपनीच्या पोटात! जाहिरातीत प्लॅन 'अनलिमिटेड', आणि खाली बारीक अक्षरात महिना ३३०० जीबीची मर्यादा. विसाव्या दिवशी स्पीड रांगायला लागला की कस्टमर केअर सांगणार, सर, तुमचा डेटा संपला. यावर आपण काय बोलणार?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की घरात लिनक्स असेल तर व्हीएनस्टॅट टाकाच. हा डिमन पॅकेट उघडून बघत नाही. प्रत्येक इंटरफेसवरून किती बाइट्स आले-गेले हे कर्नल तसाही मोजत असतो, फक्त रीबूट झालं की ते आकडे शून्यावर येतात. व्हीएनस्टॅट ते उचलून आपल्या डेटाबेसमध्ये तारीखवार जपतो, बस्स. कोण काय बघतंय हे त्याला कळत नाही, आणि चौघं एका वायफायवर असताना ते न कळलेलंच बरं :)

पण नुसतं इन्स्टॉल करून भागत नाही. खरी मेख कॉन्फिग फाइलमध्ये आहे. 'मंथरोटेट'ची व्हॅल्यू मुळात १ असते, म्हणजे महिना एक तारखेपासून. तुमचं बिलाचं चक्र १७ ला सुरू होत असेल तर तिथे १७ लिहा, नाहीतर दोन्ही हिशोब जन्मात जुळणार नाहीत. आणि हे पहिल्याच दिवशी करा. नंतर बदललं तर जुना डेटा पुन्हा मोजला जात नाही. (२८ च्या पुढची तारीख तो घेतच नाही. ३० तारीखवाल्यांचं नशीब!)

दुसरी मेख 'युनिटमोड'. मुळात आकडे १०२४ च्या पटीत दिसतात. कंपनी हजाराच्या पटीत मोजत असेल, तर तिचे ३३०० जीबी तुमच्या स्क्रीनवर जेमतेम ३ टीआयबी दिसणार. "माझे तीनशे जीबी खाल्ले" म्हणून फोन लावण्याआधी इथे २ लिहून बघा राव.

असो. लॅपटॉपवर हे सगळं केलं तर फक्त त्या लॅपटॉपचा हिशोब मिळतो, वर घरातल्या घरात कॉपी केलेले सिनेमेही त्यातच जमा. त्यापेक्षा ओपनडब्ल्यूआरटी चालणाऱ्या राउटरवर टाका आणि फक्त वॅन इंटरफेस मोजा. मात्र तिथे 'व्हार' फोल्डर रॅममध्ये असतं. डेटाबेस पेनड्राइव्हवर हलवा, नाहीतर गुरुवारी लाइट गेली की अख्खा महिना गेला.