आधी बापाच्या हातातला फोन घ्या!

हल्ली चार पालक एकत्र जमले, की पाचव्या मिनिटाला मुलांच्या फोनचे रडगाणे सुरू होते. लग्नाचा मांडव असो, एस. टी.चा थांबा असो की पिठाची गिरणी असो, तक्रार एकच: पोरे ऐकत नाहीत, पोरांना फोनचे वेड लागले, पोरांचे डोळे गेले, सगळी पिढी वाया गेली! आणि गंमत अशी, की हे सांगणाऱ्या गृहस्थाचा अंगठा सांगता सांगता स्वतःच्या फोनवरून फिरत असतो. मी एका लहान गावातल्या खाजगी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण माझे मॅट्रिकचे, म्हणजे आताच्या भाषेत दहावीचे. चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत, त्याही पेनाने. तेव्हा मानसशास्त्राच्या नावावर काही सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु वीस वर्षे मुलांच्या तोंडाकडे पाहत आलो आहे, आणि तेवढ्याच बळावर म्हणतो, की ही तक्रार साफ उलटी आहे. घरातली मोठी माणसे मुकी झाली आहेत, ही खरी तक्रार. आणि ती मांडायला पोरांना कोणी बोलावीत नाही.

मुकी म्हणजे काय, ते सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांतली गावेच्या गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. हजारो माणसे झोपेतच गेली. मी तेव्हा शाळकरी पोर. रेडिओवरून ओझरते कानांवर आले होते. पण वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस. टी.ने आले. वडिलांनी ओट्यावर बसून ते मोठ्याने वाचले. एके ठिकाणी थांबले, पुढचा थोडा मजकूर गाळला (गाळला, हे मला तेव्हाही कळले होते), आणि घडी घालून म्हणाले, "आपल्याकडून काय जाईल ते बघा." आई उठली, तिने जोंधळ्याचा डबा काढला. आम्हां भावंडांना एकेक कपडा द्यायला सांगितले. विटका नको, सणाला घालतो तो. शाळेत ढीग जमला, तो आम्हीच मोजला, आम्हीच गाठोडी बांधली आणि ट्रक गावाबाहेर पडेपर्यंत मागे धावलो. त्या बातमीने मी भ्यालो नाही असे नाही. अंधारात भिंतीला टेकून बसायला कित्येक दिवस नको वाटे. पण ती बातमी माझ्याकडे बापाच्या तोंडून आली होती, आणि माझा निळा सदरा बरोबर घेऊन गेली होती. तिला यायला एक वाट होती आणि जायलाही एक वाट होती.

आता पाहा. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर चढाई केली; २०२३ च्या ऑक्टोबरात गाझाचे युद्ध पेटले. ते ढिगारे, त्यांतून उपसून काढलेली लेकरे, हे सारे आमच्या आळीतल्या नऊ वर्षांच्या मुलाने पाहिलेले आहे. कोठे पाहिले? पांघरुणात. कोणाबरोबर? एकट्याने. त्या दृश्याच्या आधी कोणाचा तरी नाच होता आणि नंतर मसाल्याची जाहिरात! २०२४ हे तोवरच्या नोंदींतले सर्वांत उष्ण साल ठरले, हेही त्याला ठाऊक आहे. कोणी तरी त्याला ते ओरडून सांगितले आहे, आणि सांगून लगेच नाहीसे झाले आहे. गेल्या दिवाळीत या मुलाने अंगणात रायगड केला. तट, बुरूज, उतारावर मोहरीची हिरवळ, वर महाराज, खाली भाजीवाली, सगळे यथास्थित. आणि किल्ल्याच्या पोटात एक भुयार. मी विचारले, "चोरवाट का रे?" तर म्हणाला, "नाही सर, वरून ड्रोन आले तर लहान मुलांना लपायला जागा." वडील शेजारीच खुर्चीवर होते. फोनमधली मान वर न करता ते म्हणाले, "छान, छान!"

त्या "छान, छान"ने माझ्या अंगावर काटा आला. ड्रोन हजारो मैलांवर होते. बाप चार हातांवर होता, आणि पोराच्या बाजूने पाहिले तर तोच अधिक दूर. एवढा एक प्रश्न त्या भुयारात दडून बसला होता! त्याला काही फार मोठे उत्तर लागत नव्हते. "कोठे पाहिलेस? भीती वाटली का? ये, मला दाखव," इतके पुरे झाले असते. वडील गृहस्थ वाईट नाहीत. मुलाच्या फीसाठी जादा पाळ्या करणारा माणूस आहे. पण घरात असून बोलायचे नाही, ही सवय आता वाईटांची उरलेली नाही, चांगल्यांनाही जडली आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, हा सगळा कंपन्यांचा खेळ. आहेच; मी तो झाकत नाही. वर्तमानपत्राला शेवटचे पान असे. अमेरिकेतल्या अझा रास्किन या रचनाकाराने २००६ साली न संपणाऱ्या पानाची युक्ती काढली: अंगठा सरकवीत राहा, तळ लागायचा नाही. पुढे त्याने स्वतःच तिचा जाहीर पश्चात्ताप केला. आमच्या वडिलांचे बोलणे कागदाची घडी घातल्यावर सुरू होई. आता घडी घालण्याची वेळच येत नाही, मग बोलण्याची कोठून यायची?

शाळाही यात मागे नाहीत. २०२० च्या मार्चात करोनामुळे शाळा बंद पडल्या आणि शिक्षण फोनवर गेले. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. गरिबांनी हप्त्यांवर फोन घेतले. पण शाळा उघडल्यावर तरी गृहपाठ वहीत परतायला नको होता? मला एक शाळा ठाऊक आहे. तेथे सकाळी प्रार्थनेच्या वेळी फोनच्या दुष्परिणामांवर भाषण होते, आणि रात्री नऊ वाजता पालकांच्या गटावर दुसऱ्या दिवसाचा गृहपाठ येतो!

ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या नोव्हेंबरात कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू केला. सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाते नाही. दंड कंपन्यांना, मुलांना वा आईबापांना नाही. आमच्याकडच्या पालकांनी याला केवढ्या टाळ्या दिल्या! कंपन्यांच्या खिशाला हात लागला, हे उत्तमच. पण त्या टाळ्यांत मला सुटकेचा आवाज ऐकू येतो. मुलाचे खाते सरकार बंद करील. त्या मोकळ्या झालेल्या संध्याकाळी त्याच्याशी बोलायला सरकार येणार आहे काय?

त्यापेक्षा सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या खेड्याने शहाणपणा दाखवला. कडेगाव तालुक्यातले हे तीनेक हजार वस्तीचे गाव. करोनाच्या काळात मुले फोनला चिकटली ती सुटेनात, तेव्हा २०२२ च्या ऑगस्टमध्ये गावाने ठराव केला: रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, आणि साडेआठपर्यंत गावातले फोन आणि टी. व्ही. बंद. कोणाचे? सगळ्यांचे! आजीची मालिकाही बंद, बापाचा फोनही बंद. मला या ठरावात आवडते ते हेच. एकट्या पोराच्या हातातून फोन हिसकावला, की ती शिक्षा होते. साऱ्या गावाने तो खाली ठेवला, की ती रीत होते. पोराला समोर बाप दिसतो, बापाला पोर दिसते, आणि दीड तास तोंड मिटून बसणे मराठी माणसाला जमत नाही!

"मुलांना कशाला युद्ध आणि उष्मा सांगायचा? त्यांचे बालपण जपा," असे काही भगिनी मला कळवळून सांगतात. त्यांचा कळवळा मला मान्य आहे. पण बाई, त्यांना ते कळून चुकले आहे! तुम्ही सांगितले नाही, म्हणून दुसऱ्या कोणी सांगितले, आणि त्याने गाळायचे ते गाळले नाही.

आमच्या आळीत मी वडगावचाच प्रस्ताव मांडला आहे: तुळशीच्या लग्नापासून रोज सात ते साडेआठ. पहिली हरकत आली, की क्रिकेटच्या सामन्याचे दिवस वगळावेत. दुसरी, की अध्यक्षांना महत्त्वाचे फोन येतात, सबब त्यांना सूट असावी. तिसऱ्या गृहस्थांनी आपली हरकत मला समोरच्या घरातून फोनवर लिहून पाठवली. सामन्याची सूट मी दिलेली नाही. अध्यक्षांनी हवे तर रस्त्यावर जाऊन बोलावे, एवढे कबूल केले आहे. भोंग्याची वर्गणी अजून जमायची आहे. तोवर शाळेची जुनी पितळी घंटा मागून आणली आहे, आणि ती कोणी वाजवायची यावरून आळीतली पोरे आत्तापासूनच भांडू लागली आहेत.