सिकलसेलच्या लढ्यात प्रवाहाचे गणितही हवे

सुमारे ८ मायक्रोमीटर व्यासाची तांबडी रक्तपेशी आपल्याहून अरुंद केशवाहिनीतूनही सुखरूप पार होते. त्याचे कारण भूमितीत आहे. तेवढ्याच घनफळाच्या गोलाला लागेल त्याहून सुमारे ४० टक्के अधिक पटल तिच्यापाशी असते. हे पटल फारसे ताणले जात नाही, पण सहज वाकते. वाकण्याच्या या ऊर्जेचे समीकरण वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी १९७३ मध्ये मांडले. प्रवाहात पेशी कोलांट्या घेईल की तिचे पटल रणगाड्याच्या पट्ट्याप्रमाणे फिरत राहील, हे मुख्यतः आतील व बाहेरील द्रवांच्या श्यानतेच्या, म्हणजे दाटपणाच्या, गुणोत्तरावर ठरते, असे केलर आणि स्कॅलक यांच्या १९८२ मधील प्रतिरूपाने दाखवले.

सिकलसेल आजार नेमक्या याच राशी बिघडवतो. ऑक्सिजन घटला की सदोष हिमोग्लोबिनचे तंतू बनतात, पेशी ताठर होते आणि वाहिनी तुंबते.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने ७ कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले. तपासणी अत्यावश्यकच आहे. परंतु ती दोष कोणात आहे एवढेच सांगते, वेदनेचा झटका केव्हा येईल हे सांगत नाही. पेशी किती ताठरली की अडकते, हा प्रश्न प्रवाहाचा आहे. म्हणून रुग्णालयातील नमुने आणि भौतिकशास्त्रज्ञांची प्रतिरूपे एकत्र आणणे हा अभियानाचाच भाग असला पाहिजे. प्रतिरूप औषधाची जागा घेणार नाही; पण औषधाने पेशीत नेमके काय बदलायला हवे, हे ते सांगू शकेल. अशा संशोधनाला ‘केवळ सैद्धांतिक’ म्हणून बाजूला सारणे देशाला परवडणारे नाही.