'तुला काय वाटतं?'

साडीच्या दुकानात तासभर बसून माझी मैत्रीण शेवटी म्हणाली, "तूच सांग बाई, कुठली घेऊ?" वय बेचाळीस, घरखर्चाचा हिशेब चोख, पण स्वतःसाठी काही निवडायचं म्हटलं की ही गांगरते.

लहानपणी वडील पिऊन यायचे. चपलांच्या आवाजावरून आज मार बसणार का, हे ती ओळखायची. रडली की आई म्हणायची, "काही झालेलं नाही, गप्प बस." डोळ्यांनी पाहिलेलं 'झालंच नाही' असं घरचेच सांगू लागले, तर पोरीने स्वतःवर विश्वास ठेवायचा तरी कसा?

पुढे आपण तिला 'भित्री' म्हणून मोकळ्या होतो. मला वाटतं, हा स्वभाव नव्हे, मार चुकवण्यासाठी लागलेली सवय आहे. आणि सवय हळूहळू का होईना, मोडता येते. आज भाजी कुठली, हे कुणाला न विचारता ठरवावं. चुकलं तर भाजीच बिघडेल, आभाळ कोसळणार नाही! मग भिशीचे पैसे, मग नोकरी. मन फारच दाटून आलं तर २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारी 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. त्यात कमीपणा कसला?

आणि आपण? अशी कुणी विचारायला आली, की लगेच सल्ला देऊ नये. "तुला काय वाटतं?" एवढंच विचारावं आणि थांबावं. परवा मैत्रीण एकटीच जाऊन साडी घेऊन आली. रंग मला नाही आवडला. तिला आवडला, बस्स!